आठ पायांची चिप

हिंजवडीतली नोकरी गेली तेव्हा मी एकोणपन्नास वर्षांचा होतो. चिप तपासणाऱ्या विभागात मी बावीस वर्षं काढली होती. एका सकाळी दहा वाजता मीटिंगला बोलावलं आणि साडेदहाला ओळखपत्र काढून घेतलं. भूगावच्या फ्लॅटवर परत आलो तेव्हा बायको शाळेत शिकवायला गेलेली होती. मी कुलूप उघडून आत गेलो आणि बूटही न काढता सोफ्यावर बसून राहिलो. चार महिने असेच गेले. अर्ज पाठवायचे, फोनची वाट बघायची. मुलाखत झालीच तर माझ्या मुलाच्या वयाच्या माणसाने विचारायचं, "सर, तुम्हाला हे काम जरा लहान नाही का वाटणार?"

एकदा सोसायटीच्या पाण्याच्या पंपाचं पॅनल जळलं आणि मी ते दोन दिवस खपून दुरुस्त केलं. सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनने ही गोष्ट घोटावड्यात एकाला सांगितली. त्या गृहस्थांची तिथे शेतीची जमीन होती, तिच्या एका तुकड्यावर त्यांनी पत्र्याची शेड उभी केली होती. गाड्यांमधल्या वायरी जागेवर धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या छोट्या क्लिपा तिथे बनत. वय चाळिशीच्या आतलं. बोलायला मोकळे आणि थोडे घायकुतीला आलेले. शेडमधल्या बायका त्यांना मालक म्हणायच्या, मीही तेच म्हणायला लागलो. ते मला सर म्हणत.

त्यांच्याकडे हवेच्या दाबावर चालणारा एक जुना प्रेस होता. एका बाजूने पत्र्याची पट्टी आत सरकायची, वरून लोखंडी ठोकळा खाली यायचा, पट्टी कापून वाकवायचा आणि क्लिप खाली टोपलीत पडायची. लिलावात घेतलेलं मशीन. त्याचं कंट्रोल पॅनल आधीच जळालेलं. नवीन पॅनल त्यांना परवडत नव्हतं. मी म्हटलं, मी करून देतो.

माझ्याकडे नोकरीच्या काळात घेतलेला एक एफपीजीएचा बोर्ड पडून होता. एफपीजीए म्हणजे अशी चिप की जिच्या आतली जोडणी आपण आपल्याला हवी तशी करून घेऊ शकतो. आज ती पट्टीची लांबी मोजेल, उद्या दुसरंच काही करेल. शिकणाऱ्यांसाठी असे बोर्ड स्वस्तात मिळतात. आणि ते स्वस्त असण्याचं एक कारण असं, की कंपनीने त्यावर एक भाग बसवलेलाच नसतो. ही चिप लाईट गेली की सगळं विसरते. तिला काय करायचं ते लिहून ठेवणारी वेगळी मेमरी लागते, आणि माझ्या बोर्डवर त्या मेमरीच्या जागी नुसते आठ चंदेरी ठिपके होते, चार एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला. मेमरी नसेल तर प्रत्येक वेळी लाईट आल्यावर लॅपटॉपला केबल जोडायची आणि सगळी जोडणी पुन्हा चढवायची. तोवर बोर्ड मेल्यासारखा पडून असतो.

प्रयोगशाळेत हे चालतं. घोटावड्यात पावसाळ्यात दिवसातून सहा-सात वेळा लाईट जाते.

सुरुवातीला मीच जायचो. मग कंटाळून एक जुना लॅपटॉप शेडमध्येच ठेवला आणि प्रेसवर बसणाऱ्या ताईंना शिकवलं. त्या चौतीस-पस्तीसच्या असतील. सासरी शेळ्या-मेंढ्या, थोडी भातशेती. नवरा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडायचा आणि पावसाच्या तोंडावर परत यायचा. त्या स्वतः दहावी पास होत्या आणि हे त्या कुणालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगायच्या. मी त्यांना सगळं कागदावर लिहून दिलं होतं, पण तिसऱ्या दिवशी त्यांनी तो कागद मला परत दिला.

"आता न्हाई लागत, सर. ही रेघ शंभरपातूर गेली की हिरवा दिवा लागतो. दिवा लागला की ती उटली."

ती म्हणजे मशीन. लाईट गेली की मशीन झोपली, ताईंनी लॅपटॉप जोडला की मशीन उठली, अशी त्या शेडची भाषा झाली. ओल लागू नये म्हणून त्या लॅपटॉप खताच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळून ठेवत आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. शेडमध्ये अकरा बायका होत्या. त्यांच्यात ताईंचा एक वट झाला होता. चहा पहिला त्यांना मिळायचा.

आणि एक सवय पडली होती. तिच्याबद्दल तेव्हा मी काहीच वाईट विचार केला नाही. पट्टीचे बारीक तुकडे साच्यात अडकायचे, ते काढायचे तर मशीन थांबवायचं आणि हवेचा कॉक बंद करायचा, असा नियम. पण लाईट गेली की मशीन आपोआपच थांबलेलं असायचं. हवेच्या टाकीत दाब भरलेला असायचा, पण बोर्ड मेलेला असल्यामुळे ती हवा प्रेसमध्ये सोडायला कुणी नसायचं. लाईट परत आली तरी ताईंनी लॅपटॉप जोडेपर्यंत मशीन हलणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून लाईट गेली की ताई साच्यापुढची संरक्षक जाळी उघडून हाताने साचा साफ करायच्या, सगळं पुसून घ्यायच्या आणि मग सावकाश लॅपटॉपकडे वळायच्या. जाळी उघडली की मशीन बंद पाडणारं बटण मूळ मशीनला होतं. ते मी तिथे जाण्याआधीच कुणीतरी वायरीचा तुकडा लावून कायमचं गप्प केलेलं होतं. मी ते पहिल्याच आठवड्यात पाहिलं होतं. मालकांना बोललोही होतो. ते म्हणाले, "करू सर." मी परत विचारलं नाही.

ऑगस्टमध्ये ताई दोन दिवस आल्या नाहीत. घरात कुणीतरी आजारी होतं. लॅपटॉप दुसऱ्या कुणाला जमेना, मी दवाखान्यात गेलो होतो म्हणून माझा फोन बंद होता, आणि मशीन अर्धा दिवस उभं राहिलं. मालकांचा संध्याकाळी फोन आला.

"सर, एका बाईच्या हातात मशीन ठिवून कसं चालंल? उद्या ती बसली घरी, तर आमी काय करायचं? तुमी कायतरी कायमचं करा की."

मी म्हटलं, मेमरी बसवतो. मग लॅपटॉप लागणारच नाही.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. त्या रिकाम्या आठ ठिपक्यांकडे बघून पहिल्या दिवसापासून माझे हात शिवशिवत होते. मी मेमरीच्या चिपा मागवल्या, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठ्या, प्रत्येकीला आठ पाय. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली, बायकोच्या शिवणकामाच्या दिव्याखाली भिंग लावलं. सोल्डर नीट धरावं म्हणून ठिपक्यांना फ्लक्स लावला, चिमट्याने चिप ठेवली, एका कोपऱ्याचा पाय आधी चिकटवला, सरळ आहे का पाहिलं, मग उरलेले सात. दोन पाय एकमेकांना जोडले गेले होते, ते तांब्याच्या जाळीने सोडवले. शेजारी एक बारीक कपॅसिटर बसवला, बोर्ड आता लॅपटॉपऐवजी मेमरीतून वाचेल अशी जोडणी बदलली. मग एकदाच लॅपटॉपवरून सगळं त्या मेमरीत लिहिलं आणि केबल काढून टाकली.

बोर्डचा प्लग काढला. दहा मोजले. परत लावला. डोळ्याची पापणी लवायच्या आत हिरवा दिवा लागला.

मी चार-पाच वेळा तेच केलं. बायको स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, "किती दिवसांनी हसतोयस." मला माहीतच नव्हतं मी हसतोय ते.

आता जे सांगतो ते मी नंतर लेखी दिलेलं आहे, त्यामुळे इथे लपवण्यात अर्थ नाही. माझ्या वहीत त्या दिवशीची एक ओळ आहे. 'लाईट आल्यावर मशीन आपोआप हलता कामा नये. वेगळं बटण. ते दाबल्याशिवाय ठोकळा नाही.' मला कळत होतं. आजवर ते काम लॅपटॉप न कळत करत होता. माणूस समोर आल्याशिवाय मशीन उठत नव्हतं. मेमरी बसवली की ती अडचण जाणार होती, आणि त्या अडचणीबरोबर तो अटकावही. माझ्या जुन्या कंपनीत असं काही करायचं असतं तर तीन जणांनी माझं काम तपासलं असतं आणि त्यातल्या एकाने तरी ती वही उघडून विचारलं असतं, हे बटण कुठंय? इथे तपासणारा मीच होतो.

बटणासाठी पॅनलला भोक पाडायला हवं होतं, वायर ओढायला हवी होती, आतली जोडणी बदलून पुन्हा मेमरीत लिहायला हवी होती. अर्ध्या दिवसाचं काम. मी मालकांना म्हटलं, "मशीन अर्धा दिवस बंद ठेवावं लागेल."

"आज नको सर, माल न्यायला गाडी येनार हाय. फुडल्या आठवड्यात करा ना."

मी म्हटलं, बरं. बोर्ड लावून तर टाकू.

बोर्ड लावताना ताई शेजारी उभ्या होत्या. पट्टी अजून आत घातलेली नव्हती. मी मुख्य स्विच पाडला, परत चालू केला, नुसता हिरवा दिवा लागला. त्यांनी दिव्याकडे पाहिलं, मग लॅपटॉपच्या पिशवीकडे.

"म्हंजे आता माजं काम न्हाई?"

"लॅपटॉपचं नाही. बोर्ड आपोआप चालू होईल आता."

"आपोआप?"

"हो, आपोआप."

हे मी अभिमानाने म्हटलं. पिशवी उचलून त्यांनी माझ्या हातात दिली, तिची गाठ नेहमीसारखी पक्की मारलेली होती.

यानंतर नवव्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमाराला मालकांचा फोन आला. "सर, लगेच पिरंगुटला या," एवढंच म्हणाले आणि दवाखान्याचं नाव सांगितलं. मागे कुणीतरी रडत होतं.

काय झालं ते मला दवाखान्याच्या पायरीवर कळलं. ताईंच्या शेजारच्या मशीनवर काम करणाऱ्या एक वयस्कर मावशी त्यांच्याबरोबर आल्या होत्या. त्यांच्या पदरावर रक्त होतं. त्या एकसारख्या तेच सांगत होत्या. लाईट गेली. ताईंनी जाळी उघडली. तुकडा आत खोल अडकला होता म्हणून हात आत घातला. बोलत होत्या, भाताला खत कधी टाकायचं ते. लाईट आली. "दिवा लागला अन् धाडकन आवाज झाला, सर. ती वरडली बी न्हाई. नुसती बघत राह्यली."

मला हे पूर्ण दिसलं. मी तिथे नव्हतो, पण मला मशीनच्या आतून दिसलं. एरवी साचा साफ करताना ताई पट्टी मागे ओढून घ्यायच्या, म्हणून आठ दिवस लाईट आल्यावर नुसता दिवाच लागत होता; त्या दिवशी पट्टी तुकड्याबरोबर अडकून आतच राहिली होती. लाईट आली, मेमरीतून जोडणी चढली, बोर्डने पाहिलं की सेन्सरसमोर पट्टी आहे, टाकीत हवा आहे, आणि मी त्याला जे शिकवलं होतं तेच त्याने केलं.

आत ताई बाकावर बसल्या होत्या. उजवा हात त्यांच्याच ओढणीत गुंडाळलेला, कोपरापर्यंत लाल. चेहऱ्यावर रंग नव्हता. मालक त्यांच्या बाजूला उभे होते, शर्ट रक्ताने माखलेला, त्यांनीच उचलून गाडीत घातलं होतं. तरुण डॉक्टर कागदावर लिहीत होते. त्यांनी विचारलं, "कशात गेला हात?"

मालक म्हणाले, "कडबाकुट्टीत. घरी."

डॉक्टरांनी मान खाली घालूनच लिहिलं. आमच्या भागात कडबाकुट्टीत हात जाणं नवीन नाही, जनावरांचा चारा कापताना होतं असं. त्यांना शंका यायचं कारण नव्हतं. ताईंनी मान वर केली. आधी मालकांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. बराच वेळ माझ्याकडे.

मी काही बोललो नाही.

या एका गोष्टीचा मी इतक्या वेळा विचार केला आहे, की आता ती आठवण आहे की मी पुन्हा पुन्हा उभं केलेलं चित्र आहे हेही सांगता येत नाही. मला एवढं आठवतं की डॉक्टरांच्या टेबलावर एक कॅलेंडर होतं आणि मी त्याच्याकडे बघत होतो.

तिथून त्यांना पुण्याला मोठ्या इस्पितळात नेलं. मालकांनी मला मात्र गाडीत बसवून शेडवर आणलं. वाटेत ते रडले. खरोखर रडले, गाडी बाजूला घेऊन, स्टिअरिंगवर डोकं ठेवून. "माज्या बहिणीवानी हाय ती," म्हणाले. मग डोळे पुसले आणि म्हणाले, "सर, ती चिप काडा."

"कशाला?"

"कुनी तपासायला आलं तर? चिप नसंल तर लाईट आल्यावर मशीन उटतच न्हाई. म्हंजे हितं काय झालंच न्हाई. तुमीच सांगितलं हुतं ना, चिपशिवाय ती मेलेली असती?"

शेडमध्ये कुणी नव्हतं. बायकांना घरी पाठवलं होतं. साचा कुणीतरी धुतला होता आणि खालच्या कोब्यावर पाणी साचलं होतं. मी बोर्ड काढला. सोल्डरची गन तापवली, दोन्ही बाजूंना भरपूर सोल्डर लावून आठही पाय एकदम सैल केले आणि चिप उचलली. दोन मिनिटंही लागली नाहीत. बसवायला माझी अख्खी सकाळ गेली होती.

मी चिप खिशात टाकली. मालक म्हणाले, "टाकून द्या कुटंतरी." मी हो म्हटलं.

घरी बायकोला सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, "बोटं किती गेली?"

"तीन."

"आणि तू तिथे उभा होतास."

"हो."

"बोलला का नाहीस?"

मी म्हटलं, ते घाबरले होते, मीही घाबरलो होतो, आणि तिथे बोलून बोटं थोडीच परत येणार होती. ती म्हणाली, "तिला बोटं नको होती तुझ्याकडून." मग उठून आत गेली. आमच्यात यावर पुन्हा कधी भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं, असं मला कितीदा वाटलं.

तीन आठवड्यांनी मी ताईंच्या घरी गेलो. घोटावड्याच्या मागे टेकडीच्या पायथ्याशी चार-पाच घरं आहेत, त्यांतलं शेवटचं. अंगणात बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घातलेला मेंढरांचा वाडा होता. त्यांच्या सासूबाई दारात बसून लसूण सोलत होत्या. मला त्यांनी आत या म्हटलं नाही, पण बसायला पोतं टाकलं. ताई बाहेर आल्या. हाताला जाड बँडेज, अंगठा आणि करंगळी तेवढी बाहेर. मी नजर वर ठेवायचा प्रयत्न केला.

मी ठरवून गेलो होतो की सरळ सांगायचं. सांगितलं. मेमरी बसवल्यामुळे मशीन आपोआप चालू झालं. मला माहीत होतं की वेगळं बटण लागेल. मी ते पुढच्या आठवड्यावर ढकललं. नंतर चिप काढली, तीही मीच.

त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुमी बोर्ड म्हनला हुता, सर."

मला लगेच कळलं नाही.

"मी इचारलं, आपोआप? तुमी म्हनला, बोर्ड आपोआप चालू व्हईल. मला वाटलं दिवा लागंल. मशीन उटंल असं तुमी म्हनला न्हाई. मालक म्हनत्यात, तिला सरांनी सांगितलं हुतं, तिचीच चूक हाय. सांगितलं हुतं का तुमी?"

"नाही."

"मंग हे माज्याफुडं कशाला सांगताय? जितं सांगायचं तितं सांगा."

सासूबाई लसूण सोलायच्या थांबल्या होत्या. त्या म्हणाल्या, "गप गं. त्येंच्या जिमिनीतनं आपली वाट हाय."

हे मला नवीन होतं. टेकडीवर मेंढरं न्यायची वाट मालकांच्या भावकीच्या शेतातून जात होती. गेल्या कित्येक वर्षांत कुणी अडवलेली नव्हती. ताई सासूबाईंकडे वळल्या नाहीत. माझ्याकडेच बघत म्हणाल्या, "कागदावर कडबाकुट्टी लिवलंय. आमच्या घरात कडबाकुट्टी न्हाई हो. कदी नव्हतीच."

मी दुसऱ्या दिवशी गेलो नाही. हेही सांगायला हवं. आठवडाभर मी गेलो नाही. रोज सकाळी आंघोळ करून कपडे घालायचो आणि घरातच बसायचो. नवव्या की दहाव्या दिवशी बायको शाळेत निघताना म्हणाली, "मी रजा टाकू का आज? बरोबर येते." तेव्हा मी एकटा निघालो.

कारखान्यांची तपासणी करणाऱ्या सरकारी कचेरीत मी चार पानी जबाब लिहून दिला. चिप एका छोट्या प्लास्टिकच्या पाकिटात घालून टेबलावर ठेवली. अधिकारी वयाने माझ्याएवढेच होते. त्यांनी पाकीट उजेडात धरलं.

"ही?"

"हो."

"हिच्यामुळे?"

मी म्हटलं, "हिच्यामुळे नाही. मी बटण लावलं नाही त्यामुळे." त्यांनी मला ते वाक्य पुन्हा लिहून खाली सही करायला सांगितली. मग चहा मागवला.

त्यानंतरचं सगळं रखडत रखडत झालं. तपासणी झाली, शेडला टाळं लागलं. जाळीचं बटण वायर लावून बंद केलेलं सापडलं, कामगारांची नोंदच नव्हती हेही निघालं. मालकांवर केस झाली. माझंही नाव त्यात आलं आणि यायलाच हवं होतं. मालकांनी मला एकदाच फोन केला. शिव्या देतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "सर, तुमी माजं घर खाल्लं. पन मी बी खोटं बोललो, त्ये खरं हाय." आणि ठेवून दिला.

त्यांचा राग मला समजत होता. उरलेल्या दहा बायकांचा अंगावर आला. शेड बंद झाल्यावर त्यांना पुन्हा शेतावर किंवा बंगल्यांमधल्या धुण्याभांड्यांवर जावं लागलं. मी एकदा बाजारात त्या मावशींना दिसलो, ज्यांनी पायरीवर रडत मला सगळं सांगितलं होतं. त्यांनी तोंड फिरवलं. बरोबरच्या बाईला मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "एकीची तीन गेली, आमची धाही गेली."

मेंढरांची वाट बंद झाली. मालकांनी केली नाही, त्यांच्या चुलत्यांनी केली. काटेरी तार ओढली. ताईंच्या नवऱ्याला आता मेंढरं ओढ्याच्या बाजूने लांबचा वळसा घालून न्यावी लागतात. भरपाईचा आदेश निघाला, त्यातली काही मिळाली, उरलेली तारखांमध्ये अडकली. मी साक्षीला चार वेळा गेलो. चारही वेळा ताई मालकांच्या बाकापासून दूर, भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. हात पदराखाली. एकदा वकिलांनी त्यांना सही करायला सांगितली, तर त्यांनी डाव्या हाताने केली, सावकाश, पहिलीतल्या मुलीसारखी, प्रत्येक अक्षर वेगळं. वकील घड्याळ बघत होते. ताईंनी घाई केली नाही. पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं लिहिलं.

मला मग नोकरी मिळाली नाही. खरं तर मी शोधायचं सोडलं. भूगावात आणि आसपासच्या सोसायट्यांमध्ये पंपाची पॅनलं, गेटच्या मोटारी, इन्व्हर्टर दुरुस्त करतो. ज्यात हात अडकू शकेल असं काही मी घेत नाही. लोकांना नवल वाटतं, मी काम करायच्या आधी इतका वेळ नुसता बघत का बसतो म्हणून. माझ्याकडे उरलेले एफपीजीएचे दोन बोर्ड मी एका कॉलेजला देऊन टाकले. द्यायच्या आधी त्यांवरची मेमरीची जागा रिकामी आहे का ते तपासलं. कशासाठी, ते मलाही नीट सांगता येणार नाही. त्या मुलांना मेमरी बसवायची असेल तर ती बसवतीलच.

मागच्या महिन्यात पिरंगुटच्या चौकात ताई भेटल्या. बसची वाट बघत उभ्या होत्या, डाव्या खांद्यावर पिशवी. त्यांनीच हाक मारली. मी मोटारसायकल बाजूला घेतली. केसची पुढची तारीख त्यांनी सांगितली, मी म्हटलं मला माहीत आहे, येतो. नवरा मेंढरं घेऊन गेला आहे म्हणाल्या. शेड बंद असूनही त्यांना बरोबर नेलं नाही. "कातरी धरता येत न्हाई, मंग मेंढरं कातरायला माजा काय उपेग," म्हणाल्या. धान्य पाखडायला गेल्या होत्या एका ठिकाणी, सूप निसटतं म्हणून दुसऱ्या दिवशी तिथल्यांनी नको म्हटलं.

बस दिसायला लागली. त्यांनी पिशवी सावरली आणि म्हणाल्या, "सर, तुमी लोकांकडं जाता. एकाद्या हाफिसात काय असंल तर बघा की. लॅपटॉप येतो मला. डाव्या हातानं बी येतो, मी करून बघितलंय पोरीच्या शाळंत."

मी म्हटलं, "बघतो."

मी बघितलं. तीन सोसायट्यांच्या ऑफिसात, एका बिल्डरकडे, बायकोच्या शाळेत. सगळीकडे आधी शिक्षण विचारतात, मग हाताचं सांगितलं की म्हणतात, कळवतो. अजून कुणाचं कळलेलं नाही. त्यांना काय सांगायचं ते मला ठाऊक नाही, म्हणून पिरंगुटला जायचं काम निघालं तर मी सध्या सकाळी लवकर जातो, बसच्या वेळेआधी.